लिनक्स लॅपटॉप, दहा महिन्यांनंतर: एचडीएमआय गेलं म्हणून लगेच बोर्ड बदलू नका

स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत लिहीत नाही. दोन ग्राफिक्सवालं मॉडेल आहे, एक इंटेलचं प्रोसेसरमधलंच आणि दुसरं 4 जीबीचं वेगळं कार्ड. विंडोज नसलेलं मुद्दाम घेतलं कारण तेवढेच पाच हजार वाचले, आणि घरी आणल्या रात्रीच उबुंटू 24.04 (लिनक्सचाच एक प्रकार) घातलं. पहिले सात महिने एकदम मस्त गेले. स्क्रीन चांगली, आवाज ठीकठाक, केडेनलाईव्हवर व्हिडिओ कापायला कधी अडला नाही.

जुलैत कीबोर्डाची चार बटणं गेली. आमच्या डिचोलीत पावसात कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते, त्यामुळे नवल नाही वाटलं. पणजीला सर्व्हिस सेंटरात दिला, कीबोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला, मी खूश. त्यानंतर बॅटरी पाच तासांच्या जागी जेमतेम तीन तास चालायला लागली ते लक्षात आलं होतं, पण बॅटरी जुनी होत असेल म्हणून सोडून दिलं. तिथेच थांबून बघायला हवं होतं.

मग चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नाटकाची रंगीत तालीम आली. यंदा रंगवलेल्या पडद्यांऐवजी महाल आणि अरण्य प्रोजेक्टरवरून दाखवायचं ठरलेलं, प्रोजेक्टर 1500 रुपये रोजानं आणलेला, देवळाच्या सभामंडपात सगळे जमलेले. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लावली तर पांढऱ्या पडद्यावर नुसतं 'नो सिग्नल', आणि ती अक्षरं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतायत. राजाचं काम करणारे काका तोंडाला रंग लावून बाजूला उभे, ते दर दोन मिनिटांनी विचारणार, "कितें जालें रे?" केबल बदलली, तेच. भाच्याचा लॅपटॉप लावला तर एका सेकंदात चालू. म्हणजे दोष माझ्याच मशीनमध्ये.

दुसऱ्या दिवशी परत पणजी. त्यांनी केबल घातली, काढली, आणि सांगितलं की केबल घालायचा पोर्ट मदरबोर्डावरच असतो, दमट हवेनं गंजला असणार, बोर्ड बदलावा लागेल, 31 हजार, गंज वॉरंटीत बसत नाही, आणि लिनक्स आम्ही बघत नाही. 31 हजार! अर्ध्या लॅपटॉपची किंमत. मी कोटेशन घेतलं आणि कदंब बसमध्ये बसून घरी आलो, आणि खरं सांगतो, त्या रात्री मी या लॅपटॉपला एक स्टार देऊन लांबलचक लिहून ठेवलं होतं. ते आता पुसलंय, कारण चूक लॅपटॉपची नव्हतीच.

झालं असं होतं. या मॉडेलमध्ये एचडीएमआय पोर्ट वेगळ्या कार्डाला जोडलेला आहे, इंटेलला नाही. बऱ्याच लॅपटॉपांत असंच असतं. त्यामुळे कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) चढला नाही तरी आपली स्क्रीन इंटेलवर व्यवस्थित चालते, काही बिघडलंय असं वाटतच नाही, फक्त बाहेरचं डिस्प्ले मेलेलं असतं. रात्री टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवलं, के लावून; कुठल्या भागाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते ही कमांड दाखवते. इंटेलच्या खाली स्पष्ट 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आय915'. कार्डाच्या खाली मॉड्यूलांची (ड्रायव्हरच्या फायलींची) नावं आहेत, पण 'इन यूज' ही ओळच नाही! मॉडप्रोब कमांडनं ड्रायव्हर हातानं चढवायला गेलो तर उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे सहीची किल्ली नाकारली.

इथे उलगडा झाला. मी मुळात सिक्युअर बूट बंद ठेवून उबुंटू घातलेलं, आणि कीबोर्ड बदलून आलेल्या मशीनचं बायॉस (मशीन सुरू करणारं फर्मवेअर, त्याची सेटिंगं त्यातच असतात) आता बघितलं तर सगळं डीफॉल्टवर, सिक्युअर बूट चालू. ते चालू असलं की सही नसलेलं किंवा अनोळखी सहीचं मॉड्यूल कर्नल (लिनक्सचा गाभा) आत घेत नाही. डीकेएमएसवाला ड्रायव्हर (कर्नल बदलला की आपोआप नव्यानं बांधला जाणारा) आपल्याच मशीनवर बांधला जातो, सही आपल्याच किल्लीची, आणि ती किल्ली फर्मवेअरला माहीतच नाही. कार्ड अर्धवट जागं राहायचं, कोणी त्याला झोपवायला नाही, बॅटरीही बहुतेक त्यातच जात होती.

उपाय दोन. सिक्युअर बूट परत बंद करा, भाचा तेच म्हणाला, किंवा किल्ली नोंदवा. लॅपटॉप माझ्याबरोबर गावोगाव फिरतो, सुरक्षा चालू राहिलेली बरी, म्हणून मी दुसरा घेतला. मोकयुटिल कमांडनं किल्ली इम्पोर्ट केली, एक पासवर्ड ठरवला, रीस्टार्ट.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. रीस्टार्टनंतर एक निळी स्क्रीन येते, कुठलंही बटण दाबा म्हणते आणि दहापासून उलटी मोजते. फक्त दहा सेकंद! मी चहा ठेवायला आत गेलो, आलो तर नेहमीचं लॉगिन समोर, किल्ली नोंदलीच नाही, परत पहिल्यापासून इम्पोर्ट. दुसऱ्यांदा समोर बसून राहिलो. बटण दाबा, 'एन्रोल मोक' (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', मघाचा पासवर्ड, रीबूट. तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साधी अक्षरंच ठेवा. ही स्क्रीन इतकी महत्त्वाची असताना ती आपोआप निघून का जाते हे मला अजून पटलेलं नाही. किती लोकांनी तिच्यापायी ड्रायव्हरला किंवा लिनक्सलाच नावं ठेवली असतील.

31 हजारांचं काम शून्य रुपयांत झालं. चवथीला महाल पण दिसला, अरण्य पण दिसलं. बॅटरी परत पावणेपाच तासांवर. त्यानंतर कर्नलचे तीन अपडेट आले, दर वेळी डीकेएमएसनं मॉड्यूल नव्यानं बांधून त्याच किल्लीनं सही केली, एकदाही अडलं नाही. कर्नल हेडर्सचं पॅकेज मात्र काढू नका, त्याच्याशिवाय बांधणी होत नाही. नव्यानं घालणाऱ्यांनी उबुंटूची आधीच सही केलेली मॉड्यूलं घ्यावीत, किल्लीची भानगडच नाही, हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

चार स्टार देतोय. एक कापला तो दमट हवेत टिकत नसलेल्या कीबोर्डासाठी. आणि लॅपटॉप कुठेही दुरुस्तीला देण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मी आता काढलेत.