भारतात जन्मलेल्या संशोधकासाठी: ईबी-१ए की एनआयडब्ल्यू?

अमेरिकेच्या ग्रीनकार्डाचा विचार करत असाल, तर आधी रांग बघा, निकष नंतर. दोन्ही वाटांनी आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डासाठी पात्रता ठरवून घेण्याचा अर्ज, स्वतःच करता येतो. कंपनी किंवा विद्यापीठाची गरज नाही, नोकरी हातात असण्याचीही नाही.

ईबी-१ए ही असामान्य क्षमतेची श्रेणी. नोबेलच्या तोडीचं पारितोषिक नसेल तर १० निकषांपैकी किमान ३ पूर्ण करायचे. संशोधकांचे बहुधा ठरलेले असतात: शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचं परीक्षण आणि विषयात मोलाची मूळ भर. पहिले दोन बऱ्याच पोस्टडॉककडे असतात, घोडं अडतं तिसऱ्यावर. आणि ३ निकष भरले म्हणजे झालं, असंही नाही. २०१० च्या कझारियन निकालापासून अधिकारी त्यानंतर सगळा पुरावा एकत्र तोलतो: हा माणूस क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्यांपैकी आहे का? तिथे नुसती निबंधांची संख्या पुरत नाही. तुमची पद्धत दुसऱ्या प्रयोगशाळांनी वापरली, एखाद्या कंपनीने उचलली, हे कागदावर दिसायला हवं. शिफारसपत्रंही फक्त गाइड आणि सहलेखकांची नकोत. तुम्हाला कधी न भेटलेला, पण तुमचं काम वापरणारा शास्त्रज्ञ काय म्हणतो, त्याला जास्त वजन.

एनआयडब्ल्यू, म्हणजे ईबी-२ मधली राष्ट्रहिताची सवलत, त्या मानाने सोपी. पीएचडी असली की पदवीची अट पूर्ण होते. पुढे २०१६ च्या धनसार निर्णयातले तीन मुद्दे: काम राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का, ते पुढे नेण्याची तुमची कुवत आहे का, आणि नोकरीच्या अटी माफ करण्यात अमेरिकेचं हित आहे का. भर पुढच्या कामावर असतो, त्यामुळे लस, बॅटरी अशा विषयांतल्या तरुण संशोधकाला इथे जागा मिळते.

पण मंजुरी म्हणजे ग्रीनकार्ड नव्हे. दरवर्षीच्या ग्रीनकार्डांत दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून रांग लागते. भारतीयांची ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून मागे आहे. ईबी-१ चीही आहे, पण काही वर्षांचीच. रांग नागरिकत्वावर नाही, जन्मदेशावर ठरते. जोडीदाराचा जन्म भारताबाहेरचा असेल, तर त्या देशाच्या रांगेत जाता येतं. अशांना एनआयडब्ल्यूही बरीच लवकर फळते.

बाकीच्यांनी एनआयडब्ल्यूच्या भरवशावर बसू नये, पण अर्ज मात्र आजच करावा, असं माझं ठाम मत आहे. तो मंजूर झाला की त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, नंतरच्या ईबी-१ए ला लावता येते. शिवाय मंजूर आय-१४० वर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा ६ वर्षांपलीकडे वाढतो आणि एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या जोडीदाराला वर्क परमिट मागता येतं. घरातल्या दुसऱ्या माणसाचं करिअर थांबत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ओ-१ हा असामान्य क्षमतेचा तात्पुरता व्हिसा घेणाऱ्यांनी हे आधी बघावं: ओ-३ या त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर जोडीदाराला काम करता येत नाही.

जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर असाल तर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट लागू आहे का, ते तपासा. असल्यास ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत ग्रीनकार्ड मिळत नाही, आय-१४० मंजूर असला तरी.

असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळत असेल, तर विद्यापीठाला ईबी-१बी बद्दल विचारा; ही प्राध्यापक-संशोधकांची श्रेणी, अर्ज विद्यापीठ करतं. तिथे ६ पैकी २ निकष आणि ३ वर्षांचा अनुभव पुरतो, आणि रांग ईबी-१ए चीच.