तीस हजारांचा फ्रिज: नो-कॉस्ट ईएमआय, आरडी की भिशी?

दुकानात आजकाल "बजेट किती?" असं कमी विचारतात, "महिन्याला किती जमेल?" हे आधी विचारतात. इथेच खरेदीचा निर्णय हातातून निसटतो. पाच हजार जमतील म्हटलं की ६ महिन्यांत ३० हजारांचा फ्रिज येतो. मुदत ९ महिने केली की त्याच हप्त्यात ४५ हजारांचा डबल डोअर दाखवतात. हप्ता तेवढाच राहतो, किंमत मात्र दीडपट होते. म्हणून घरून निघतानाच एकूण किंमत ठरवून निघा.

आता त्या ३० हजारांचंच गणित करू. क्रेडिट कार्डावर ६ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरू. बँक व्याज घेतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि कर्ज २८,७३० रुपयांचं होतं. तुम्ही सहा हप्त्यांत ३० हजारच भरता, त्यातले १,२७० म्हणजे व्याज. कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे २२९ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे 'नो-कॉस्ट'ला ४६४ रुपये पडले. खरा तोटा वेगळाच आहे: रोख घेणाऱ्याला दुकानदार ती १,२७० ची सूट द्यायला तयार असेल, तर तुम्हाला एकूण १,७३४ रुपये जास्त पडले. सहा महिन्यांच्या घटत्या कर्जावर हा दर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यामुळे काउंटरवर पहिला प्रश्न एकच: "रोख दिले तर शेवटचा भाव काय?"

फायनान्स कंपनीच्या कर्जात व्याजावर जीएसटी नाही, फीवर आहे. तिथे की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर बँक आणि कंपनी दोघंही दंड लावतात, शिवाय क्रेडिट स्कोअर घसरतो. कार्डावर फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहिलात तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज चढतं. नो-कॉस्टचं सगळं गणित तिथेच संपतं.

आरडीत, म्हणजे बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत, तेच पाच हजार, तेच ६ महिने. ६ टक्के दराने सुमारे ५२५ रुपये व्याज मिळतं, वर रोखीची सूट मागायला तुम्ही मोकळे. अडचण दोन ठिकाणी येते. काही बँका १२ महिन्यांपेक्षा कमी मुदत देत नाहीत, आणि मुदतीआधी मोडली तर दर कमी होतो. बँकेतली ठेव ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, मग दर कितीही चांगला असो.

भिशीचं बळ माणसांत आहे. बारा जणी, प्रत्येकी अडीच हजार, दर महिन्याला एकीला ३० हजार. पहिली चिठ्ठी लागली तर बिनव्याजी कर्ज, बारावी लागली तर बिनव्याजी ठेव. लिलावाच्या भिशीत गरजू बाई ३० ऐवजी २७ हजारच घेऊन पैसे आधी उचलते आणि सुटलेले तीन हजार बारा जणींत अडीचशे-अडीचशे वाटले जातात. एकटीने पैसे बाजूला पडत नसतील तर मैत्रिणींच्या भिडेपोटी पडतात, हा गुण आरडीत नाही. बुडते ती बहुधा एकाच कारणाने: पैसे लवकर उचलणारी व्यक्ती पुढचे हप्ते थांबवते. म्हणून अनोळखी माणसाला पहिले नंबर देऊ नका, प्रत्येक हप्त्याची वहीत सही घ्या. १९८२ च्या चिट फंड कायद्याप्रमाणे भिशीला परवानगी आणि नोंदणी लागते. घरगुती भिशीत ती नसते, त्यामुळे पैसे अडकले तर दाद मागणं कठीण जातं.

जुना फ्रिज चालू असेल तर आरडी, यात शंका नको. गॅस भरून किंवा थर्मोस्टॅट बदलून सहा महिने निघत असतील तरीही आरडीच. डबे देणाऱ्या बाईचा फ्रिज बंद पडला तर मात्र रोजची कमाई बुडते. तिथे हप्ता योग्य, पण मुदत कमीत कमी घ्या आणि हप्त्याची तारीख खात्यात पैसे येण्याच्या दोन-तीन दिवसांनंतरची ठेवा.