शीटचं फील्ड डोक्यात बसत नसेल तर फेटचं कपॅसिटर लॅब वापराच

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी फिजिक्सचा आठवा धडा (इलेक्ट्रोस्टॅटिक्स) चालू असेल आणि चार्ज्ड शीटच्या इलेक्ट्रिक फील्डचं डेरिव्हेशन पाठ आहे पण पटत नाही अशी अवस्था असेल, तर फेट (PhET) या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स उघडा. फुकट आहेत, लॉगिन नको, ब्राउझरमध्येच चालतात. 2002 मध्ये कार्ल वीमन यांनी कोलोराडो युनिव्हर्सिटीत हा प्रोजेक्ट चालू केला, आदल्याच वर्षी त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालेलं.

मुलं अडतात ती एकाच जागी. फील्डच्या फॉर्म्युल्यात पॉइंट चार्जला खाली आर स्क्वेअर (आर म्हणजे अंतर), लांब वायरला नुसता आर, आणि शीटला सिग्मा (दर एरियाला किती चार्ज) भागिले टू एप्सिलॉन नॉट (एक ठरलेला स्थिरांक), म्हणजे अंतर गेलं कुठे? खरं तर लांब गेलो की प्रत्येक तुकड्याचा जोर कमी होतो पण शीटचा जास्त भाग जवळजवळ सरळ समोरून ढकलायला लागतो आणि दोन्हीचा हिशोब बरोब्बर फिटतो.

हे बघायला 'कपॅसिटर लॅब: बेसिक्स' घ्या, कपॅसिटर म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन चार्ज्ड प्लेट्स, म्हणजे दोन शीट्सच. प्लेट्स 2 मिलिमीटरवर ठेवा, बॅटरी 1.5 व्होल्ट, इलेक्ट्रिक फील्ड टिक करा आणि आता स्विच उघडून बॅटरी तोडा, हे विसरू नका. मग प्लेट्स 10 मिलिमीटरपर्यंत ओढा. व्होल्टमीटर 7.5 वर जातो पण फील्डच्या रेषा आहेत तेवढ्याच दाट राहतात! चार्ज तेवढाच, एरिया तेवढाच, म्हणजे सिग्मा तोच, म्हणून फील्ड पण तेच, 750 व्होल्ट पर मीटर. बॅटरी जोडलेली ठेवून ओढलंत तर चार्जच कमी होतो आणि फील्ड 150 वर येतं, मग मुलांना वाटतं की अंतरामुळे कमी झालं. शिकवणाऱ्यांनी हे दोन्ही पाठोपाठ दाखवावं, माझ्या मते या धड्यात याच्याइतका चांगला डेमो नाही.

'चार्जेस अँड फील्ड्स' पण मस्त आहे पण शीटसाठी नको. त्यात चार्जेसची दाट ओळ लावली की ती वायर होते, शीट नाही, अंतर दुप्पट केलं की सेन्सरवरचं फील्ड जवळपास अर्धं होतं. वायरचा फॉर्म्युला बघायला मात्र बेस्ट.

एक लक्षात ठेवा, खऱ्या प्लेट्सच्या कडेला फील्ड बाहेर फुगतं, कपॅसिटर लॅबमध्ये ते दिसत नाही, सगळ्या रेषा सरळच. तेवढं वहीत वेगळं काढून दाखवा. आणि जमलं तर लॅपटॉपवर बघा, मोबाईलवर प्लेट्स ओढायला स्क्रीन लहान पडते.