सहा फुटी रीफ टँक, दोन निळी पिंपं आणि नऊ महिन्यांचे पाणीबदल

फोंड्याच्या आमच्या घरात ६ × २ × २ फुटांचा रीफ टँक, म्हणजे कोरल वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दगडांची जागा वजा करून आणि सम्प (टँकखालची जोडटाकी) धरून पाणी साधारण ७०० लिटर. आठवड्याला दहा टक्के बदलायचं म्हणजे ७० लिटर जुनं बाहेर आणि तेवढंच नवं आत. गेल्या जानेवारीपर्यंत हे काम मी बादल्यांनी करायचो. एका रविवारी पाठ धरली, पुढचा रविवार लग्नात गेला, असं करता करता पाच आठवडे पाणीबदल झालाच नाही. नायट्रेट (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साचणारा घटक) ४० पीपीएमवर गेलं आणि लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल, आठ दिवस मिटून राहिलं. ते बघवेना. तेव्हा ठरवलं, यापुढे पाणी हाताने उचलायचं नाही.

आता पडवीत २०० लिटरची दोन फूड ग्रेड पिंपं आहेत. एकात आरओ-डीआय फिल्टरचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी, दुसऱ्यात मीठ मिसळलेलं. दुसऱ्या पिंपाला एकच पंप आणि दोन बॉल व्हॉल्व्ह. एक उघडला की पाणी पिंपातच फिरतं आणि मीठ विरघळतं, दुसरा उघडला की भिंतीलगतच्या एक इंची पाइपातून सरळ सम्पमध्ये येतं. जुनं पाणी काढायला सम्पच्या मोठ्या कप्प्यात वेगळा छोटा पंप. आरओ युनिट सोडून सगळा खर्च अकरा हजारांच्या आसपास झाला.

प्लंबर भला माणूस. म्हणाला, "बाब, व्हॉल्व्ह पितळेचे घाला, आयुष्यभर बघायला नको." त्याला समजावलं की पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते उतरलं की कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जातं. सगळं फिटिंग प्लास्टिकचंच करून घेतलं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने फिरवून सोडवता येणारा जोड) मात्र आठवणीने लावून घ्या. माझ्या पंपात दोन महिन्यांत पांढरा थर धरला होता. युनियन होती म्हणून पाइप न कापता पंप काढून व्हिनेगरमध्ये टाकता आला.

आता प्रत्यक्ष बदल. एका बोर्डवर रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर नेणारा), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा), पाणी थंड करणाऱ्या चिलरचा पंप आणि ऑटो टॉप-ऑफ (वाफ होऊन घटलेलं पाणी आपोआप भरणारं), चारही स्विच बंद. ऑटो टॉप-ऑफ विसरलात तर सम्पची पातळी उतरलेली बघून ते गोडं पाणी ओतत बसतं. रिटर्न पंप थांबला की वरच्या टँकमधलं ओव्हरफ्लोच्या काठावरचं पाणी खाली येतं. पाच मिनिटं थांबलं की सम्पमधली पातळी स्थिर होते. तिथे काचेवर मी काळ्या मार्करने एक रेघ मारली आहे आणि ७० लिटर मोजून काढून खाली दुसरी. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत काढायचं, परत वरच्या रेघेपर्यंत भरायचं. वरच्या टँकची पातळी त्या वेळात हलत नाही, त्यामुळे एकही कोरल उघडं पडत नाही. वीस मिनिटांत सगळं आटोपतं. जुलैत ऐन भरताना वीज गेली, तेव्हा पाणी होतं तिथेच थांबलं. नव्या पाण्याच्या पाइपचं तोंड मी मुद्दाम सम्पच्या पाण्याच्या वर ठेवलं आहे. ते बुडलेलं असतं तर सायफन होऊन पाणी उलटं पिंपात आलं असतं.

मधे फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण ऑटोमॅटिकही करून पाहिलं. दोन हेडचा डोसिंग पंप (ठरवलेलं पाणी थोडं थोडं ढकलणारा), रोज दहा लिटर बाहेर, दहा लिटर आत. पाच आठवडे मला वाटत होतं की प्रश्न सुटला. मग रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा हजारी ३५ ऐवजी ३४ दिसला. एका हेडची नळी जरा सैल पडली होती, त्यामुळे रोज अर्धा लिटर पाणी जास्त बाहेर जात होतं. ती तूट ऑटो टॉप-ऑफ गोड्या पाण्याने भरून काढत होतं, म्हणून पातळी बघून काहीच कळायचं नाही. शिवाय हिशेबही बघा. एका दमात ३० टक्के पाणी बदललं तर ३० टक्के नायट्रेट जातं. तेच थेंबाथेंबाने बदललं तर साधारण २६ टक्केच, कारण घातलेल्या नव्या पाण्यातलं थोडं परत बाहेर पडतं. हा फरक छोटा आहे, पण खारटपणा न कळत सरकणं मला मान्य नाही. डोसिंग पंप काढून ठेवला आणि व्हॉल्व्हवर परत आलो.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी येतं. माझ्या मीटरवर नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६० च्या आसपास, डीआयनंतर शून्य. पण पावसाळ्यात गाळ अडवणारं सेडिमेंट कार्ट्रिज तीन आठवड्यांत चहासारखं होतं, एरवी तीन महिने जातं. जूनच्या आधीच चार-पाच घेऊन ठेवा. स्वयंपाकघरातला आरओ यासाठी वापरू नका. बऱ्याच आरओंत टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो आरओच्या पडद्यातून न गेलेलं पाणी परत मिसळतो.

"गोव्यात राहून समुद्राचं पाणी विकतच्या मिठाने कशाला करतोस?" असं दोनापावलाचा मित्र दर भेटीत विचारतो. पावसात मांडवी आणि जुवारी किती गढूळ गोडं पाणी समुद्रात ओततात ते त्याच्याच घरातून दिसतं. किनाऱ्याजवळचा खारटपणा तेव्हा भरवशाचा राहत नाही, आणि मला बाराही महिने ३५ हवा असतो. १५० लिटरला माझं मीठ साधारण साडेपाच किलो लागतं, म्हणजे दोन बदलांची सोय. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम खाली बसतं. आमच्या दमट हवेत उघडी पिशवी आठवड्यात दगड होते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच.

माझ्याकडे फक्त झोअँथस, मशरूम आणि लेदर ही मऊ कोरलं आहेत. दगडी (कठीण सांगाड्याची) कोरल वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी आडून आणून देतो म्हणालं तरी घेऊ नका.

जुन्या पाण्याबाबत माझी एक चूक झाली. माडाच्या आळ्यात मीठ घालतात, हे लहानपणापासून बघितलेलं, म्हणून पाइप परसातल्या माडाकडे सोडला. माडाला काही झालं नाही, पण शेजारच्या केळीच्या पानांच्या कडा दीड महिन्यात करपल्या. एक पान हातात घेतलं तर कड पापडासारखी मोडली. ते बघून फार वाईट वाटलं, केळ आईने लावलेली होती. त्याच दिवशी पाइप न्हाणीच्या गटाराकडे वळवला. नवा कोंब आता हिरवा आहे.

चवथीला पाच दिवस काणकोणला मूळ घरी जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बदल केला, दुसरं पिंप भरून ठेवलं आणि व्हॉल्व्हांना १, २, ३ असे टॅग बांधले. पिंपं बसवल्यापासून एकही आठवडा चुकलेला नाही, नायट्रेट १० ते १५ मध्ये असतं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकांनी फोन केला, "अरे, ते बटाट्याच्या सालीसारखं चामडं आहे ना, ते वितभर फुललंय. बरं आहे ना ते?" मी त्यांना सांगितलं, काका, असंच हवं, कशालाही हात लावू नका.

एक उणीव राहिली आहे. पिंपाचा तळ सपाट असल्यामुळे शेवटचे पंधरा-वीस लिटर पंप ओढत नाही आणि त्यात गाळ साचतो. दिवाळीआधी पिंप विटांच्या ओट्यावर जरा तिरपं बसवून तळाशीच आउटलेट काढणार आहे.