अकूस्टिक गिटारच्या साथीसाठी एचएक्स स्टॉम्प : एक परीक्षण

लाइन ६ या अमेरिकी कंपनीने २०१८ साली एचएक्स स्टॉम्प हा मल्टि-इफेक्ट पेडल (गिटारच्या आवाजावर अनेक प्रक्रिया करणारी पायाने चालवायची छोटी पेटी) बाजारात आणला तो प्रामुख्याने इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी. त्यातील अॅम्प्लिफायरच्या आणि डिस्टॉर्शनच्या प्रतिकृतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे; त्यांचा विचार येथे केलेला नाही. ठाणे, वाशी, नेरूळ या पट्ट्यात भावगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या कार्यक्रमांना अकूस्टिक गिटारची साथ करणाऱ्या वादकाला या छोट्या पेटीतून लाकडी वाद्याचा खरा आवाज मिळतो का, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला. उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी यंत्रात भरलेल्या बहुतेक गोष्टी बंद ठेवाव्या लागतात, आणि ज्या दोन-तीन चालू ठेवायच्या त्याही कमालीच्या काटकसरीने वापराव्या लागतात.

मूळ अडचण गिटारच्या आतच असते. दुकानदार ज्यांना सरसकट सेमी-अकूस्टिक म्हणतात, त्या गिटारींपैकी बहुतेकींमध्ये सॅडलच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाली पिझो पिकअपची एक पट्टी बसवलेली असते. तारेचा सॅडलवर पडणारा दाब ती टिपते. पुढची फळी कशी थरथरते, पोकळीतून हवा कशी बाहेर पडते आणि या सगळ्याचे मिश्रण दोन-तीन फुटांवर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत कसे पोहोचते, यातले जवळजवळ काहीच तिच्यापर्यंत जात नाही. म्हणून स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात तार छेडल्याबरोबर एक चरचरीत, रबरी टोक ऐकू येते; ते साधारण दीड ते तीन किलोहर्ट्झच्या दरम्यान असते. साउंडवाले मिक्सरवर हे टोक कापायला जातात, तेव्हा त्याबरोबर शब्दाला साथ देणारी स्पष्टताही निघून जाते.

पिकअप पॅसिव्ह असेल, म्हणजे गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअॅम्प (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारे मंडल) नसेल, तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पिझोला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स (विद्युत-अवरोध) बराच जास्त लागतो, आणि तो कमी पडला की सर्वांत आधी खर्जाचा भाग गळतो. एचएक्स स्टॉम्पच्या सेटिंगमध्ये हा इम्पीडन्स मुळात ‘ऑटो’वर असतो, म्हणजे साखळीतील (आवाज क्रमाने ज्यांतून जातो त्या प्रक्रियांच्या रांगेतील) पहिल्या ब्लॉकप्रमाणे तो बदलू शकतो. तो हाताने १ मेगओहमवर ठेवावा. गिटारमध्ये प्रीअॅम्प असेल तर याने फरक पडत नाही. तिथे नऊ व्होल्टची बॅटरी कार्यक्रमाआधी बदलणे अधिक महत्त्वाचे.

या यंत्राची खरी किंमत वसूल होते ती आयआर, अर्थात इम्पल्स रिस्पॉन्स, या एका ब्लॉकमध्ये. एखादी गिटार चांगल्या मायक्रोफोनने आणि त्याच वेळी तिच्या स्वतःच्या पिकअपने ध्वनिमुद्रित केली, तर या दोन आवाजांतील फरक गणिताने काढून एका छोट्या फाइलमध्ये साठवता येतो. नंतर पिकअपचा आवाज त्या फाइलमधून नेला की तो मायक्रोफोनच्या आवाजाकडे झुकतो. स्टॉम्पमध्ये अशा १२८ फाइली राहतात. त्या यूएसबी केबलने संगणकाला जोडून एचएक्स एडिट या प्रोग्रॅममधून भरायच्या असतात. ब्लॉक निवडताना १०२४ आणि २०४८ सॅम्पल असे दोन पर्याय दिसतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेतल्यास, २०४८ सॅम्पल म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंदांचा तुकडा होतो, तर १०२४ चा त्याच्या निम्मा. इलेक्ट्रिक गिटारच्या कॅबिनेटला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, लहान तुकडा खुशाल पुरतो, परंतु लाकडी पोकळीचे खालचे स्वर हळूहळू विरतात, त्यामुळे अकूस्टिकसाठी मोठाच घ्यावा. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार फाइली ऐकायला मोहक असल्या तरी त्या दुसऱ्याच्या गिटारच्या आणि दुसऱ्याच्या पिकअपच्या असतात. ज्याच्याकडे बऱ्यापैकी कंडेन्सर मायक्रोफोन आणि शांत खोली आहे, त्याने स्वतःच्या वाद्याची फाइल बनवून घ्यावी. (घोडबंदर रस्त्याला लागून घर असेल, तर शांत खोलीसाठी रात्री उशिरापर्यंत थांबण्याची तयारी हवी.)

आयआर ब्लॉकमध्ये ‘मिक्स’ नावाचा एक आकडा असतो, आणि नैसर्गिक आवाजाचा निकाल मुख्यतः तिथेच लागतो. तो शंभर टक्क्यांवर ठेवला की हेडफोनमध्ये स्टुडिओतील ध्वनिमुद्रण ऐकल्याचा भास होतो; तोच आवाज मंचावर मॉनिटरमधून (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) आला की फुगीर आणि दूरचा वाटतो, कारण मायक्रोफोनच्या आवाजाबरोबर पोकळीचा घुमाराही फाइलमध्ये उतरलेला असतो. चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान पिकअपची धार शिल्लक राहते आणि तिच्याभोवती लाकूड भरते. तबला, ढोलकी आणि हार्मोनियम यांच्या गर्दीत गिटार ऐकू यावी, अशी इच्छा असणाऱ्याने चाळीसच्या जवळ राहावे. एकट्या गायकाबरोबर साथ असेल तर साठपर्यंत जायला हरकत नाही.

बाकी साखळी छोटी आहे. यंत्रात सुरुवातीला सहा ब्लॉक वापरता येत. २०२० च्या ३.० फर्मवेअरपासून (यंत्राच्या अंतर्गत सॉफ्टवेअरपासून) आठ वापरता येतात, पण आपल्याला चार-पाच पुरतात. अॅम्प आणि कॅबिनेट अजिबात नको. ‘अकूस्टिक सिम्युलेटर’ या नावालाही भुलू नये, कारण तो इलेक्ट्रिक गिटारला अकूस्टिकसारखी भासवण्यासाठी आहे. ऐंशी हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा), पॅरामेट्रिक इक्वलायझरने (हवा तो स्वरपट्टा निवडून कमी-जास्त करणाऱ्या ब्लॉकने) त्या रबरी टोकावर दोन-तीन डेसिबलची रुंद कपात, मग आयआर, मग कॉम्प्रेसर (जोरातले स्वर दाबणारा). टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए या जुन्या यंत्रावर बेतलेला ‘एलए स्टुडिओ कॉम्प’ बोटांनी वाजवणाऱ्यांना विशेष मानवतो. जोरात वाजवल्यावर तीनेक डेसिबल दाब पडेल एवढाच तो चालवावा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) शेवटी, आणि तो बंद केल्यावर उणीव जाणवेल पण चालू असताना लक्षात येणार नाही इतका. सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतोच.

एका बाबीकडे मात्र भावगीतांच्या साथीदाराने अधिक लक्ष द्यावे. मोठ्या, म्हणजे ड्रेडनॉट आकाराच्या गिटारच्या पोकळीतील हवेचा स्वतःचा अनुनाद शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. गायिकेची पट्टी काळी चार असली आणि वादकाने चौथ्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, की सहाव्या मोकळ्या तारेचा षड्ज येतो जवळपास १०४ हर्ट्झवर, म्हणजे नेमका त्या अनुनादाच्या अंगावर. परिणामी प्रत्येक सम घुमते, आणि मॉनिटर जवळ असेल तर त्याच जागी फीडबॅकही (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणारी शिट्टी) सुरू होतो. येथे सरसकट खर्ज कमी केला तर सगळेच वाद्य पातळ होते. स्टॉम्पच्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये १०४ हर्ट्झवर अरुंद पट्टा निवडून चार डेसिबल कमी केले की घुमारा आटोक्यात येतो आणि षड्ज तरीही भरदार राहतो. आठ-दहा डेसिबल काढले तर षड्जच हरवतो. काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी वेगळा पॅच (ब्लॉकांची साठवून ठेवलेली मांडणी) करून ठेवावा, कारण तिथे ही कपात निरर्थक ठरते. प्रत्येक पट्टीसाठी तयार पॅच असणे आणि पायाने तो बदलता येणे, ही सोय साध्या प्रीअॅम्पमध्ये मिळत नाही. साउंडहोल झाकणारे रबरी झाकण याच्या जोडीला वापरले तर कपात आणखी कमी पुरते.

पॅच कशावर ऐकून बनवायचा, हाही प्रश्न आहे. फ्लॅटमध्ये हेडफोनवर जुळवलेला आवाज जवळजवळ नेहमी जास्त जाड आणि जास्त ओला (रिव्हर्बने भरलेला) निघतो. शक्य असेल तर एखाद्या सरावाच्या खोलीत, कार्यक्रमाच्या आवाजपातळीवर, साध्या पीए स्पीकरवर तो जुळवावा. पुढे घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह यांसारखे बंदिस्त सभागृह असो की सोसायटीच्या आवारातील गणपतीचा मंडप, पॅचला हात न लावता यंत्रातील ग्लोबल इक्वलायझरने त्या जागेपुरता बदल करावा. पावसाळ्यातील हवेचा हिशेबही तिथेच चुकता करता येतो: जुलैमध्ये फळी ओलावा शोषून फुगते, आवाज मंद होतो, आणि फेब्रुवारीत बनवलेली आयआर फाइल त्याला सावरून घेत नाही.

आता उणिवा. या यंत्राला कॅनन (एक्सएलआर) केबलचे आउटपुट नाही. मंडपात मिक्सर दूर असतो, तिथे वेगळा डीआय बॉक्स (लांब केबलवरून सिग्नल मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी पेटी) नेणे भाग पडते. मायक्रोफोन थेट जोडण्याची सोयही नाही. ते बॅटरीवर चालत नाही. त्याचा अॅडाप्टर तीन अॅम्पिअरचा आहे आणि स्वस्त पेडलांसाठी मिळणाऱ्या साध्या अॅडाप्टरवर ते चालवू नये. सर्वांत खटकणारी बाब म्हणजे फीडबॅक आला असता दाबता येईल असे एकही समर्पित बटण त्यावर नाही. शिट्टी सुरू असताना पडद्यावर ब्लॉक निवडून, पान उलटून आकडा कमी करणे साथीदाराला परवडत नाही, म्हणून निदान इक्वलायझरचा तो एक ब्लॉक फूटस्विचवर लावून ठेवणे आवश्यक आहे. फूटस्विच तीनच आहेत, आणि त्यांतील एक ट्यूनरसाठी राखला तर हातात दोन उरतात.

केवळ अकूस्टिक वाजवणाऱ्याने बॉसचे एडी-१० किंवा फिशमनचे ऑरा स्पेक्ट्रम डीआय ही खास अकूस्टिकसाठीची यंत्रे आधी पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन्हींवर कॅनन आउटपुट आहे, फीडबॅकवरचा उपाय हाताशी आहे आणि नॉब समोर दिसतात. ऑरामध्ये मायक्रोफोनच्या प्रतिमांची कल्पना मूळचीच आहे. स्टॉम्पच्या किमतीत एक बऱ्यापैकी नवी गिटार येते, हेही ध्यानात ठेवावे; सध्याचे पिकअप हलके असेल तर तो खर्च आधी तिकडे केलेला बरा. पण जो वादक एका कार्यक्रमात अकूस्टिक आणि दुसऱ्यात इलेक्ट्रिक वाजवतो, ज्याला पट्टीनिहाय पॅच हवे आहेत आणि स्वतःची आयआर बनवण्याचा कंटाळा नाही, त्याला एवढ्या आकाराच्या पेटीत इतके नेमके नियंत्रण क्वचितच मिळेल. दुकानात पाहायला जाताना स्वतःची गिटार न्यावी, कॅपो लावून नेहमीच्या पट्टीत वाजवावे, आणि विक्रेत्याने उत्साहाने सुरू केलेले तयार प्रीसेट नम्रपणे बंद करायला सांगावे.