आर९ २९५एक्स२ : फोंड्यातल्या आठ महिन्यांचा अनुभव

मडगावच्या माझ्या मावसभावाचा गेल्या आठवड्यात फोन आला. "दोन चिपचं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतंय, घेऊ का रे?" त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण जानेवारीपासून मी तेच कार्ड वापरतोय.

एएमडीचं रेडिऑन आर९ २९५एक्स२ एप्रिल २०१४ मध्ये आलं तेव्हा किंमत होती १४९९ डॉलर. मी तेव्हा कॉलेजात होतो, नुसते फोटो बघायचो. एकाच बोर्डावर 'हवाई' नावाच्या दोन चिप आणि कंपनीतूनच बसवून आलेला पाण्याचा कूलर. यंदा वास्कोतले एक गृहस्थ जुना पीसी विकत होते, त्यांच्याकडून घेतलं. फूटभर लांब, धातूचं, जड. इतकं देखणं कार्ड मी आजवर दुसरं हाताळलेलं नाही.

आधी विजेचं सांगतो, कारण घेणारे तिथेच फसतात. कार्ड ५०० वॅटचं आहे. आठ पिनच्या दोन जोडण्या, नियमाने प्रत्येकी १५० वॅट, आणि मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५; बेरीज ३७५. म्हणजे वरची वीज त्याच दोन जोडण्यांतून ओढली जाते. एका केबलला दोन तोंडं काढून ती जोडू नका. दोन्हींना एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) स्वतंत्र केबल द्या आणि एसएमपीएस निदान हजार वॅटचा, चांगल्या प्रतीचा घ्या. माझा ६०० व्हीएचा यूपीएस गेम सुरू होताच बंद पडायचा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून शेवटी मोठा यूपीएस घ्यावा लागला. तो खर्च कार्डाच्या किमतीत धरा.

५०० वॅट म्हणजे खोलीत लहानसा हीटरच. जानेवारीत जाणवलं नाही. मे महिन्यात मात्र पंख्याखाली तासभर खेळणंही कठीण झालं, आणि एसी लावला की बिल वाढतं. दमटपणामुळे रेडिएटरच्या स्क्रूंना गंज चढला. कूलरची नळी सीलबंद आहे, त्यामुळे इतक्या वर्षांत आतलं पाणी किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. वापरलेलं घेताना निदान अर्धा तास गेम चालवून दोन्ही चिपचं तापमान बघा.

आता मूळ प्रश्न. दोन चिप एकाच फ्रेमवर, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रावर, मिळून काम करत नाहीत. पहिली फ्रेम एक चिप काढते, दुसरी फ्रेम दुसरी चिप. दोघींना तेच टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) लागतात म्हणून मेमरीतही सगळं दोनदा ठेवावं लागतं. खोक्यावर ८ जीबी असलं तरी गेमला मिळतात ४ जीबीच. शिवाय फ्रेम समान अंतराने आल्या नाहीत, एक १० मिलिसेकंदांत आणि पुढची ३० मध्ये आली, तर सरासरी ५० एफपीएस (सेकंदाला ५० फ्रेम) दिसते पण डोळ्याला ३३ सारखं वाटतं. आकडा चांगला आणि खेळ अडखळता, हे मी कित्येक गेममध्ये अनुभवलं.

जीटीए ५ मात्र अप्रतिम चालतो. त्यात दोन्ही चिप मनापासून राबतात, आणि २०१४ मध्ये लोक या कार्डामागे का वेडे होते ते त्या रात्री समजलं. जुन्या डीएक्स ११ (मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सची ११वी आवृत्ती) गेमसाठी मी आजही त्याच्यावर जीव टाकतो.

नव्या गेममध्ये दुसरी चिप झोपून राहते. आताच्या गेमचं टेम्पोरल अँटी-अलायझिंग (चित्रातल्या खडबडीत कडा गुळगुळीत करायची पद्धत) आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतं, आणि ती फ्रेम असते दुसऱ्या चिपकडे. ती आणण्यात वेळ गेला की फायदा संपला. डीएक्स १२ मध्ये तर ड्रायव्हर परस्पर काम वाटून देऊ शकत नाही. दोन चिप चालवायच्या तर गेम बनवणाऱ्यालाच ते लिहावं लागतं. राइज ऑफ द टूम रेडर, अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी अशा मोजक्यांनी ते केलं. कंपन्यांनीही वाट सोडली. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयचे (दोन कार्डं मिळून चालवायच्या तिच्या सोयीचे) नवे प्रोफाइल बंद केले आणि आरटीएक्स ४०९० वर तर दोन कार्डं जोडायची सोयच ठेवली नाही. एएमडीने जून २०२१ मध्ये हवाईची पिढी जुन्या यादीत घातली, म्हणजे तिचे नियमित नवे ड्रायव्हर थांबवले. रे ट्रेसिंगची (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याची) सोय या चिपमध्ये मुळातच नाही.

धाकट्या भावाच्या पीसीत आरएक्स ६६०० आहे: १३२ वॅट, एक चिप, ८ जीबी पूर्ण वापरता येणारी. जीटीए ५ मध्ये आमची दोघांची बरोबरी होते. नव्या गेममध्ये माझं कार्ड साफ मागे पडतं आणि वीज तरी त्याच्यापेक्षा जास्त खातं. मावसभावाला म्हणूनच स्पष्ट सांगितलं, गेमसाठी घेऊ नकोस, तेच पैसे वापरलेल्या आरएक्स ६६०० मध्ये घाल.

मी माझं विकणार नाही. चवथीला पाहुणे त्याच खोलीत झोपतात, म्हणून काल कार्ड काढलं, पुसलं, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवलं. स्लॉटमध्ये सध्या एका चिपचं साधं कार्ड आहे. पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली की जीटीएसाठी ते पुन्हा बसवीन.