सरकारी छप्पर, खासगी यंत्रे : आमच्या तालुक्याचे डायलिसिस केंद्र

माझ्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पहिली तीन वर्षे आम्ही त्यांना मुंबईत ठेवले होते. महापालिकेच्या जागेत एक धर्मादाय संस्था चालवीत असलेल्या केंद्रात, खासगी रुग्णालयांच्या मानाने बऱ्याच कमी दरात, त्यांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होत असे. उपचाराविषयी तक्रार नव्हती. पण उभा जन्म खळ्यात आणि आगरात काढलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रमणे शक्य नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात याच धर्तीचे केंद्र सुरू झाल्याचे कळले आणि आम्ही त्यांना कोकणात परत आणले. तोवर आमच्या भागातल्या बहुतेक रुग्णांना आंबा घाट चढून कोल्हापूर गाठणे किंवा मुंबईला बिऱ्हाड हलवणे, एवढेच पर्याय होते.

ही व्यवस्था २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून आली. एका वेळच्या डायलिसिसला सुमारे २,००० रुपये, म्हणजे कुटुंबाला वर्षाकाठी ३ लाखांहून अधिक खर्च येतो, हा हिशेब त्याच भाषणात मांडला होता. जागा, वीज, पाणी आणि औषधे सरकारची. यंत्रे, पाणी शुद्ध करणारा आरओ संच, डायलायझर म्हणजे रक्त गाळणारी नळी, आणि तंत्रज्ञ खासगी कंपनीचे. आणि कंपनीला मोबदला दर फेरीमागे, म्हणजे एका वेळच्या डायलिसिसमागे, अशी ही वाटणी आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर सुरुवातीला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवण्यापलीकडे आम्हाला काही करावे लागले नाही, आणि डायलिसिससाठी आजवर एक रुपयाही मोजावा लागलेला नाही.

केंद्रातील माणसांविषयी मात्र मोकळेपणाने चांगले लिहिले पाहिजे. सकाळची पाळी सातला सुरू होते. आधी वजन होते, कारण गेल्या वेळेपासून अंगात किती पाणी साठले ते त्यावरूनच ठरते. मग तेथील तंत्रज्ञ मुलगी वडिलांच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे सुई टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, दोन बोटे ठेवून आतली थरथर तपासते आणि त्यानंतरच सुई घेते. मुंबईत हे काम घाईत उरकले जाई आणि हात काळानिळा पडे. येथे दोन वर्षांत तसे दोनदाच झाले. वजन अडीच किलोंच्या वर वाढलेले दिसले की ती काटा त्यांच्याकडे वळवून विचारते, "आजोबा, शहाळं प्यायलात ना?" ज्या घराच्या मागे चाळीस माड उभे आहेत, त्या घरातल्या माणसाला पोटॅशियमसाठी शहाळे वर्ज्य, आणि भरतीला मासळी उतरली तरी खारवलेला बांगडा वर्ज्य, हे पथ्य सांगणे सोपे नसते. छापील तक्त्यातली सफरचंदे बाजूला ठेवून घरी काय शिजते ते विचारणारे केंद्र मला हे पहिलेच भेटले.

अडचण आहे ती पाण्याची, आणि तीच या भागीदारीची खरी परीक्षा आहे. रक्त शुद्ध करण्यासाठी यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर, मुख्यतः पाण्याचाच, द्राव फिरतो. चार तासांत १२० लिटर होतात, आणि आरओ संचात वाया जाणारे पाणी धरले तर एका रुग्णामागे त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी लागते. पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि रुग्णालयालाही टँकरची वाट पाहावी लागते. गेल्या मे महिन्यात लागोपाठ चार वेळा वडिलांचे डायलिसिस चार तासांऐवजी तीन तासांत थांबवण्यात आले आणि त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली. मी विचारणा केली तेव्हा कंपनीच्या माणसाने पाणी पुरवणे रुग्णालयाकडे असल्याचे सांगितले, तर रुग्णालयातून उत्तर आले की केंद्र कंपनी चालवते, तिकडेच बोला. करारानुसार दोघेही बहुधा बरोबर असतील. परंतु पैसे फेरीमागे मिळतात, तासामागे नव्हे, म्हणून अपुरी राहिलेली फेरीही हिशेबात पूर्णच धरली जात असणार, हे मनातून जात नाही. रक्तवाढीच्या इंजेक्शनांचेही असेच होते : साठा संपला की चिठ्ठी हातात पडते आणि आम्ही बाहेरच्या मेडिकलमधून ती विकत आणतो. मूत्रपिंडतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात. त्या दिवशी रजा टाकून हजर राहावे, कारण मधल्या काळात औषधे बदलण्याचा अधिकार तेथे कोणालाही नाही.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. एक यंत्र रिकामे असल्यास हे केंद्र पाहुण्या रुग्णालाही वेळ देते. मात्र हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे अलीकडचे अहवाल आणि मुंबईतल्या शेवटच्या फेरीचा कागद सोबत लागतो, आणि नाव किमान महिनाभर आधी नोंदवावे लागते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन दारात उभे राहिलेल्या एका गृहस्थांना परत पाठवताना मी पाहिले आहे. तेथे दोष केंद्राचा नव्हता, कारण संसर्गाची तपासणी न करता कोणालाही सामायिक यंत्रावर घेणे इतरांच्या जिवाशी खेळणे होते.

एवढे सगळे धरून मी या केंद्राला पाचपैकी चार तारे देतो. पाचवा तारा इमारतीच्या मागच्या बाजूला अडकला आहे. तेथे यंदा सिमेंटच्या चौथऱ्यावर पाच हजार लिटरची काळी टाकी बसवली आहे; टाकी रुग्णालयाने आणली, पण ती भरणारी मोटर कोणी घ्यायची याचा निर्णय अजून झालेला नाही.